पिस्तुलावरचा आळ

"आधी बघू, मग बांधू," असं म्हणून मामा दोन बोटांनी कमरेचा पट्टा पुढे ओढायचे, सोडून द्यायचे, आणि तो पोटावर चट्‌कन बसला की समाधानानं मान हलवायचे. रोज सकाळी कारखान्याच्या गेटवर उभं राहायच्या आधी हे पहिलं काम. पट्टा तोच, पोट तेच, तरी तपासणी चुकायची नाही. मी एकदा न राहवून म्हटलं, "मामा, पट्टा काय रातोरात मोठा होतो?"

"पट्टा नाय होत बाई," ते म्हणाले. "पोट व्हतं."

असं एखादं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. दुकानात नारळ कानाशी हलवणारं, शिवून आलेला सदरा उलटा करून टाके ओढून पाहणारं. आपण वैतागतो, घड्याळाकडे बघतो, आणि घरी नारळ सडका निघाला की त्याच माणसाची आठवण काढतो. मामा त्या जातीचे, पण त्यांच्या हातात नारळ नव्हता. पिस्तूल होतं.

वाळूजच्या माळावर तेव्हा रोज एक नवी शेड उठत होती. कालपर्यंत जिथं बाभळी होत्या तिथं आज पत्रा चमकायचा. आमचा कारखाना स्कूटरचे सुटे भाग करायचा. मी तिथं असिस्टंट कॅशियर. गारखेड्याहून दोन बस बदलून जायची आणि धुळीनं पांढरी होऊन परत यायची. आमच्या घराण्यात कचेरीतल्या कारकुनीपलीकडे कुणी काही केलेलं नव्हतं. त्यामुळे मुलगी कारखान्यात जाते म्हटल्यावर आई आठवडाभर धड जेवली नव्हती. पुढे ती मुलगी दर महिन्याला पिस्तूलवाल्या माणसाशेजारी जीपमध्ये बसते हे कळलं असतं, तर तिनं काय केलं असतं देव जाणे. मी कळूच दिलं नाही.

मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. घर वैजापूरकडचं, धनगराचं. बाप आणि भाऊ मेंढरांमागं, हे एकटेच फौजेत. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ, आणि आवाज इतका मऊ की पहिल्यांदा ऐकणारा फसायचा. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. त्यांच्याहून म्हातारा असलेला आमचा माळीसुद्धा.

बघितल्याशिवाय त्यांना काहीच चालायचं नाही. नवी छत्री आणली तर कँटीनमध्ये उघडून वरून बादलीभर पाणी ओतायला लावलं आणि स्वतः खाली उभे राहिले. छत्री गळली. मामा आनंदानं निथळत परत करायला गेले. दसऱ्याला सगळ्या मशिनींना झेंडूचे हार घातले, पण पिस्तुलाला हळद-कुंकू लावायच्या आधी त्यांनी ते उघडून, पुसून, खटके वाजवून पाहिलं. पुजारी हातात ताम्हन घेऊन ताटकळत उभा. मुलीचं लग्न ठरवताना होणाऱ्या जावयाला ते वैजापूरच्या बाजारात घेऊन गेले आणि गर्दीत मुद्दाम, जोरात, त्याच्या पायावर पाय दिला. पोरगा कळवळला आणि म्हणाला, "तुमाला तर नाय ना लागलं मामा?" लग्न तिथंच पक्कं झालं.

पुढे जावई महाआळशी निघाला. मी टोमणा मारल्यावर मामा म्हणाले, "तेवढं बघायचं राह्यलं बगा."

आता पिस्तुलाचं सांगते. पगाराची रक्कम क्रांती चौकातल्या बँकेतून आणायची असे. जीप चालवायला सलीमभाई, पैशाला मी, आणि राखणीला मामा. पिस्तूल मालकांचं, त्यांच्या वडिलांच्या वेळचं, परदेशी बनावटीचं. परवान्यावर ते बाळगायला नावं दोघांचीच होती. एक मामांचं आणि दुसरं मालकांच्या भाच्याचं. भाचेसाहेब कारखान्यात अधूनमधून यायचे, गॉगल लावून शेडमधून फिरायचे आणि कामगारांना 'ए' म्हणून हाक मारायचे.

पहिल्याच महिन्यात मॅनेजरसाहेबांनी तिजोरीतून पिस्तूल काढून मामांपुढे ठेवलं. मामांनी ते उचललं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"चांदमारीवर नेऊन चालवून बघावं लागंल सायेब."

"अहो, मालकांचं आहे. चालू आहे ते."

"असंल की. पर म्या नाय ना बघितलं."

मॅनेजर तापले. मीही तापले, खोटं कशाला बोलू. बँकेची वेळ जवळ आलेली आणि हा माणूस बाकावर बसून शांतपणे तंबाखू मळतोय! शेवटी त्या महिन्यात आम्ही नुसती लाठी घेऊन बँकेत गेलो. नंतर मालकांनी रीतसर अर्ज करून पोलिसांच्या चांदमारीच्या, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या, मैदानाची परवानगी काढली. जायच्या दिवशी मामा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"चला बाई."

"मी कशाला? मला काय कळतं त्यातलं?"

"जीपमधी माझ्या शेजारी कोण बसतं? ज्याच्या जिवासाठी हत्यार बांधायचं, त्यानं ते डोळ्यानं बघितलं पायजे. आमच्याकडं नवं कुत्रं मेंढरांत सोडायचं तर घरच्या बायकापोरांसमोर सोडत्यात. राखण त्यांचीच व्हनार ना?"

मी पदर खोचून गेले. आणि काय सांगू, तिसऱ्याच गोळीला पिस्तूल अडकलं. गोळी सुटली की रिकामी पुंगळी आपोआप बाहेर पडावी आणि मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीतली, म्हणजे मॅगझिनमधली, पुढची गोळी आपोआप नळीत जावी, अशी त्या पिस्तुलाची रचना. इथं पुंगळी बाहेर पडता पडता तोंडातच उभी अडकली. मामांनी नळी समोरच्या मातीच्या भिंतीकडेच ठेवून मला मागून डोकवायला सांगितलं.

"बघा. हे आज हितं झालं. क्रांती चौकात झालं असतं, तर?"

मॅगझिन दोन होती. एकाची स्प्रिंग थकलेली निघाली. मालकांनी नवी बसवून आणली, तरी मामांनी ते मॅगझिन पुन्हा कधी लावलं नाही. "एकदा अडकलं ते कमरंला नाय," म्हणाले आणि बाजूला ठेवून दिलं. नवीन मागवलं, तेही बघूनच घेतलं. मालकांना हे सगळं कळलं तेव्हा त्यांनी हुकूमच काढला. मामा 'हो' म्हणाल्याशिवाय पिस्तूल तिजोरीबाहेर काढायचं नाही. मग कुणीही मागो.

तेव्हापासून दर काही महिन्यांनी आमची चांदमारी ठरलेली.

त्या सकाळी आठवल्या की मला अजून वाटतं, त्या जागेपणी घडल्याच नाहीत. हिवाळ्याचे दिवस. डोंगराच्या पायथ्याशी मैदान, आणि मैदानावर गुडघाभर धुकं. लाल झेंडा लावलेला, पण धुक्यात त्याचा नुसता काळा ठिपका दिसायचा. सलीमभाई लांब जीपमध्ये शाल गुंडाळून झोपायचे. पोलिसांचा एक माणूस शेकोटीपाशी. मामा चटईवर एकेक वस्तू मांडायचे. पिस्तूल, दोन मॅगझिनं, तेलाची बाटली, जुन्या धोतराची धांदोटी. इतक्या हळू की मला पेंग यायची. मग आवाज. डोंगरावरून तो परत यायचा, पुन्हा जायचा आणि पार कुठंतरी विरायचा. बंदुकीच्या दारूचा वास ओल्या गवताच्या वासात मिसळायचा. पुंगळ्या गवतात पडून मिणमिणायच्या.

एकदा मधेच मामांनी हात खाली घेतला, पिस्तूल रिकामं केलं आणि उभे राहिले. मला काही ऐकू येईना. बऱ्याच वेळानं पलीकडच्या उतारावरून घंटा वाजत आल्या आणि धुक्यातून मेंढरं निघाली, एकामागं एक, संपतच नव्हती. मामा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. विचारलं तर म्हणाले, "तिसरी लंगडती. खुरात काटा हाय तिच्या." मेंढरं गेली, घंटा थांबल्या, तरी आम्ही दोघं तसेच उभे. किती वेळ, ते नाही सांगता येणार. सलीमभाईंनी हॉर्न दिला आणि ओरडले, "मामा, कित्ता देखते जी तुम! चलो ना अब, भूक लगी!" तेव्हा कुठं आम्ही माणसांत आलो.

त्यांची एक पद्धत होती. जी मॅगझिनं कमरेला जाणार तीच लावून बघायची. ज्या डब्यातल्या गोळ्या बरोबर न्यायच्या त्याच डब्यातल्या चालवायच्या. उजव्या हातानं, डाव्या हातानं, आणि मग मुद्दाम सैल धरून. "भ्यालेल्या मानसाचा हात ढिला व्हतो बाई. म्या भ्यालो तरी ह्यानं चालायला पायजे." सगळं झालं की पुसायचं, तेल द्यायचं आणि पुन्हा थोडं चालवायचं. पुसताना आपल्याच हातून काही चुकलं असलं तर? मॅनेजर म्हणायचे, एवढ्या गोळ्या फुकट घालवतात. मी मात्र आता डोळे मिटूनसुद्धा आवाजावरून सांगू शकत होते, ही पुंगळी नीट पडली, ही घासून पडली. कॅशियरबाईला काय काय विद्या आल्या बघा!

अशी काही वर्षं गेली. मग तो हिवाळा आला.

विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न आपल्या शहराला नवा नव्हता. कितीतरी वर्षं तो धुमसत होता. त्या दिवसांत पुन्हा भडकला. भिंती भिंतींवर घोषणा, चौकाचौकांत पोलीस, आज ह्यांचा मोर्चा, उद्या त्यांचा. आमच्या प्रेस शॉपमधली बरीच पोरं नामांतराच्या बाजूची. त्यांच्यातल्या काहींची गावाकडची घरं आधीच्या दंगलीत जळाली होती. तेव्हा ती लहान होती. आता मिसरूड फुटलेली, दिवसभर पत्रा कापणारी आणि डब्यात आईच्या हातची भाकरी आणणारी. त्यांना क्रांती चौकातल्या मोर्चाला जायला अर्ध्या दिवसाची रजा हवी होती. मॅनेजर नाही म्हणाले. पोरं म्हणाली, रजा मिळेपर्यंत आम्ही गेटवर उभे राहू, आत येणार नाही.

मॅनेजर घाबरले. भाचेसाहेब मात्र खुशीत आले. म्हणाले, "त्या दिवशी मी थांबतो गेटवर. पिस्तूल लावून. पुढं आले तर एक हवेत उडवायची. नाहीच ऐकलं तर बघू पुढचं." हे ते माझ्यासमोर, चहात बिस्किट बुडवत बोलले. पुढे म्हणाले, "फक्त त्या मामांकडून हो म्हणवून घ्या. मामाचा हुकूम आहे ना." हा मामा म्हणजे त्यांचा, आमचे मालक.

पिस्तूल बरेच दिवस तिजोरीत पडून होतं, तेव्हा बघणं आलंच. आदल्या दिवशी सकाळी आम्ही चांदमारीवर गेलो. धुकं तेच, झेंडा तोच. मामांनी चटई अंथरली आणि नेहमीपेक्षाही हळू मांडामांड केली. पहिलं मॅगझिन नीट गेलं. दुसरंही. उजवा हात, डावा हात, सैल मूठ. एकही पुंगळी घासली नाही. पुसून पुन्हा चालवलं, तेव्हाही लोण्यात सुरी फिरावी तसं. इतकं सुरेख ते कधीच चाललं नव्हतं.

एरवी अशा वेळी मामा खूश होऊन मिशीवर हात फिरवायचे. त्या दिवशी चटईवर नुसते बसून राहिले.

"अडकायला पायजे व्हतं," ते म्हणाले.

"काय म्हणता?"

"आज अडकायला पायजे व्हतं बाई. एकदा तरी."

मग डोंगराकडे बघत ते म्हणाले, "म्या फौजेत व्हतो तवा. सुट्टीवर गावी आलो तर वस्तीची राख थंड झालेली. एक म्हातारी तव्यावरची राख पुसत व्हती. घर नाय, चूल नाय, अन् ती तवा पुसती. तिचा नातू आपल्याकडं प्रेसवर हाय. उंचसा. दाताला फट हाय बघा त्याच्या."

मला माहीत होता तो. सगळ्यांत पुढे तोच उभा राहणार होता.

कारखान्याच्या गेटात शिरताना मामांनी एवढंच सांगितलं, "तुमी काय बोलू नका. इचारलं तर लांब व्हते म्हना."

मॅनेजरच्या केबिनमध्ये भाचेसाहेब आधीच बसलेले. मामांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि ताठ उभे राहून म्हणाले, "अडकतंय सायेब. भरोसा नाय. म्या हो म्हननार नाय."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या आवाजाला कंप होता. भाचेसाहेबांना तो ऐकू आला असावा. ते माझ्याकडे वळले. "काय हो, तुम्ही होता ना तिथं? अडकलं?"

मला लांब होते म्हणायचं होतं. पण मामांच्या कपाळावर थंडीतही घाम आलेला दिसला आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अडकलं म्हणजे काय, चांगलं दोनदा अडकलं! दुसऱ्या मॅगझिनला. पुंगळी तोंडात उभी राहिली, मामांनी ती बोटानं उपसून काढली. मी तर कान धरून पळालेच."

पिस्तूल तिजोरीत गेलं. किल्ली माझ्या कमरेला. बाहेर आल्यावर मामा माझ्याकडे थक्क होऊन बघत राहिले. म्हणाले, "बाई, तुमी लई झ्याक खोटं बोलता की!"

"आणि तुम्ही अगदी वाईट," मी म्हटलं. मग दोघांनाही हसू आलं आणि लगेच विरलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटबाहेर पोरं उभी होती, निळे झेंडे घेऊन. घोषणा चालू झाल्या. उंच पोरगा पुढे. मॅनेजर केबिनमधून निघेनात. तेवढ्यात कुठूनसा एक दगड आला आणि गेटाला लागून असलेल्या टाइम ऑफिसची, म्हणजे हजेरीच्या खोलीची, काच खळ्‌कन फुटली. भाचेसाहेब धावत माझ्या टेबलापाशी आले. "किल्ली द्या!"

"मामांनी हो म्हटलेलं नाही."

"किल्ली द्या म्हणतो ना!"

"मालकांचा हुकूम आहे. त्यांना फोन लावा. ते म्हणाले तर देते." कमरेची किल्ली मी पदराआड घट्ट धरून ठेवली. ते फोनशी झगडत बसले. मालक राहायचे मुंबईला, आणि मुंबईची लाइन लागेना. देवाची कृपा, दुसरं काय.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. मामांनी छोटं फाटक उघडलं होतं आणि ते बाहेर चालले होते. एका हातात खराटा, दुसऱ्यात सुपली. घोषणा थोड्या खाली आल्या. कुणीतरी ओरडलं, "मामा, दगड आमच्यातल्यानं नाय मारला!"

"असू दे रं, कुनी का मारंना," मामा म्हणाले. "पाय संबाळा. निम्मे जन चपलीवर हायती. काचा रुतत्याल."

आणि वाकून ते रस्त्यावर सांडलेल्या काचा झाडू लागले. चारशे पोरांच्या पायांमधून, सावकाश, एकेक तुकडा. पोरं मागे सरत होती, पाय उचलत होती, जागा देत होती. उंच पोरानं खाली बसून सुपली धरली. त्या अवधीत मॅनेजरना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी रजा देऊन टाकली. पोरं घोषणा देत शहराकडे निघून गेली. फोन लागला तेव्हा रस्ता रिकामा होता.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण नादुरुस्त म्हटलेलं हत्यार दुरुस्तीला पाठवावं लागतंच. मालकांनी ते मुंबईच्या ओळखीच्या बंदूकवाल्याकडे नेलं. तोही बघणारा माणूस निघाला. त्यानं चालवून चालवून पाहिलं आणि सांगितलं, ह्यात काडीचाही दोष नाही.

मालक स्वतः आले. सज्जन माणूस होता, त्यांचंच मला जास्त वाईट वाटतं. केबिनमध्ये मॅनेजर, मामा आणि मी. मालक म्हणाले, "मामा, ते खरंच अडकलं होतं?"

"नाय सायेब. चांगलं चाललं. मुक्या जिन्नसावर म्या आळ घेतला."

"आणि बाई?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात मामा बोलून गेले, "बाईंला काय कळतंय त्यातलं! आवाज झाला की डोळे मिटत्यात. म्या सांगितलं ते त्येंनी सांगितलं."

असा संताप आला मला! इतकी वर्षं थंडीत कुडकुडत शिकले, आणि मला काही कळत नाही? "खोटं आहे!" मी ओरडलेच. "मला सगळं कळतं. पुंगळी घासून पडली तर आवाजावरून सांगते मी. मी माझ्या मनानं खोटं बोलले." मालकांनी माझ्याकडे पाहिलं आणि कीव आल्यासारखं हसले. मॅनेजरही हसले. साडी नेसलेली, चष्म्यातली कॅशियरबाई पिस्तुलाच्या गोष्टी सांगते, त्यांना ते खरं वाटलंच नाही. मामांनी बरोब्बर तेच हेरलं होतं. आजही त्या हसण्याचा राग येतो आणि मामांचाही येतो, आणि मग डोळे भरून येतात, ते कुणासाठी ते कळत नाही.

"का केलंत?" मालकांनी विचारलं.

"बांधनाऱ्याचा भरोसा नव्हता सायेब."

मालक समजले. भाचा कसा आहे हे त्यांना ठाऊक नसेल काय? त्यांनी पुढ्यातलं पेपरवेट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण मामा, आता पुढच्या वेळी तुम्ही हो म्हणालात किंवा नाही म्हणालात, तर मी ते काय धरून चालू?"

मला वाटलं मामा आता हात जोडतील. नोकरीची गरज होती त्यांना. मुलगी आणि आळशी जावई दोघं त्यांच्याच घरी. पण मामांनी मान हलवली, अगदी पटल्यासारखी.

"बराबर हाय तुमचं. एकदा अडकलं ते आपन कमरंला लावत नाय. माझंबी तसंच, सायेब."

आणि त्यांनी कमरेचा पट्टा सोडून टेबलावर ठेवला.

जिन्यात मी त्यांना गाठलं. म्हटलं, मी पोरांना सगळं सांगते, पोरं तुम्हाला जाऊ देणार नाहीत. मामांनी माझ्या डोक्याला हात लावून मलाच शपथ घातली. "म्या जित्ता हाय तवर कुनाला सांगायचं नाय. पोरं तरणी हायती. आपल्यावर पिस्तूल निघनार व्हतं हे कळलं तर झोपायची नाय ती. राग धरतील. मंग म्या काय मिळवलं?" मी पाळली शपथ. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीकडून ते गेल्याचं कळलं, म्हणून आता बोलतेय.

त्या दिवशी संध्याकाळी भोंगा झाला. आमच्याकडे शिफ्ट सुटताना गेटवर प्रत्येकाची झडती व्हायची, आणि काम सोडून जाणाऱ्याची तर नेमानं. मामा रांगेत उभे राहिले. मी वरच्या खिडकीत. उन्हं कललेली, माळावरची सगळी धूळ सोनेरी झालेली, आणि तिच्यात ती रांग हळूहळू पुढे सरकत होती. गेटवरच्या नवशिक्या रक्षकाला मामांच्या अंगाला हात लावायचा धीर होईना. मामा त्याला दरडावत होते, नीट बघ म्हणून. दोन्ही हात वर करून उभे होते. मागून तो उंच पोरगा ओरडला, "मामा, आवरा की लौकर! आमची बस जाईल!" सगळी रांग हसली. मामाही हसले. खिशातून तंबाखूची डबी निघाली, ती परत घेतली आणि ते बाहेर पडले.

त्यांच्यामागून पोरं बाहेर पडली. एकमेकांच्या पाठीवर थापा मारत, डबे वाजवत, कुणी सायकलवर, कुणी बसमागे धावत. मी खिडकीचे गज धरून शेवटचा माणूस जाईपर्यंत बघत होते. सगळी होती. एकही कमी नव्हता.